कातडीचा तुकडा काय सांगतो?

त्वचेच्या एखाद्या आजाराचे निदान नुसते पाहून होत नसले की डॉक्टर म्हणतात, "कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." हे वाक्य ऐकले की घरच्या माणसांचे चेहरे उतरतात. तुकडा काढायचा म्हणजे कॅन्सरच असणार, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. दुसरी समजूत अशी की, सुरी लागली की आजार अंगभर पसरतो. या दोन्ही समजुतींपायी कित्येक माणसे तपासणी टाळतात आणि वर्षवर्षभर मलमे बदलत राहतात.

माझी बरीच वर्षे आधी साताऱ्यात आणि पुढे सांगली-मिरजेत सूक्ष्मदर्शकापुढे बसून असे तुकडे पाहण्यात गेली. माणवरून, खटाववरून, जतहून, विट्याहून माणसे पिशवीत छोटी बाटली घेऊन येत. तिच्या तळाशी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा असे. या तुकड्याचे पुढे काय होते, त्यावरून आजार कसा ओळखतात आणि कधी ओळखता येत नाही, हे आज एका विरळ आजाराच्या निमित्ताने सांगणार आहे. त्या आजाराचे नाव सार्कॉइडोसिस.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. त्वचेला होणारे आजार शेकडो आहेत, पण ते दाखवण्याचे त्वचेचे मार्ग मोजकेच आहेत. ती लाल होते, सुजते, तिला खपल्या धरतात, फोड येतात, गाठी उठतात किंवा रंग बदलतो. आपल्या बोलण्यातही नायटा, इसब, खरूज, गजकर्ण, कोड असे थोडेच शब्द आहेत. बाकी सगळ्याला आपण "अंगावर काहीतरी उठलंय" एवढेच म्हणतो. त्यामुळे दोन अगदी वेगळे आजार बाहेरून हुबेहूब सारखे दिसू शकतात. अशा वेळी त्वचेच्या वरून पाहणे पुरत नाही, आत काय चालले आहे ते पाहावे लागते.

याला बायॉप्सी म्हणतात. हा शब्द अर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ साली रूढ केला. जिवंत शरीराचा भाग पाहणे असा त्याचा अर्थ. त्याआधी शरीराच्या आत डोकावायचे ते बहुतेक शवविच्छेदनात, म्हणजे रोगी गेल्यावर. रोगी जिवंत असताना, त्याला उपयोग होईल अशा वेळी पाहता येणे, ही मोठी सोय झाली.

त्वचेचा तुकडा काढणे हे काम दहा-पंधरा मिनिटांचे. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. तेवढेच काय ते टोचल्याचे दुखते. मग पेन्सिलीएवढे, टोकाला गोल धार असलेले 'पंच' नावाचे हत्यार फिरवून तीन-चार मिलिमीटर रुंदीचा तुकडा काढतात. एखादा टाका घालतात. आठवड्याभरात जखम भरते, बारीक व्रण राहतो. त्वचेवरच्या चट्ट्याचा तुकडा घेतल्याने चट्टा पसरत नाही. पुढच्या काही दिवसांत आणखी चट्टे उठलेच, तर ते आजाराने उठलेले असतात, सुरीने नव्हे.

काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या द्रवात टाकतात. तो तसाच कोरडा ठेवला किंवा साध्या पाण्यात टाकला, तर पेशी फुगून, कुजून त्याची ओळखच राहत नाही. प्रयोगशाळेत आल्यावर त्यातले पाणी अल्कोहोलने काढून टाकतात आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण मुरवतात. मेण थंड झाले की तुकडा छोट्या वडीत घट्ट बसतो. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे पातळ काप घेतात. काप किती पातळ? साधारण चार-पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. हे काप पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि रंगवतात. हेमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. त्याने पेशींची केंद्रके जांभळी-निळी दिसतात. दुसरा रंग इओसिन, त्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. या साऱ्याला दोन-तीन दिवस तरी लागतात. "एवढ्याशा तुकड्याला इतके दिवस का?" असे लोक विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

आता सार्कॉइडोसिसकडे येतो. एक बाई आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. वय पंचेचाळिशीच्या आतले, गाव साताऱ्याच्या पूर्वेकडचे. नाकावर, गालावर आणि दंडावर तांबूस-तपकिरी उंचवट्याचे चट्टे उठले होते. खाज नाही, दुखणे नाही. आठ महिने नायट्याची मलमे लावून झाली होती. एका ठिकाणी क्षयाची औषधे सुरू करू असे सांगितले गेले होते, दुसरीकडे कुष्ठरोगाचा संशय व्यक्त झाला होता. गावात ही दुसरी गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मुलीचे ठरत आलेले लग्न पुढे सरकेना. थोरल्या भावाबरोबर त्या स्वतः अहवाल न्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर, एवढंच सांगा, महारोग हाय का न्हाई?"

एवढ्याचेच उत्तर द्यायला त्या तुकड्यात काय पाहावे लागले, ते आता सांगतो.

कुष्ठरोग, त्वचेचा क्षय आणि सार्कॉइडोसिस या तिन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली एक समान गोष्ट दिसते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्या शिरला की काय होते ते आठवा. त्याला पकडता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, म्हणून माणसे फडाला कडे करून उभी राहतात. शरीरही तसेच करते. जो शत्रू चटकन मरत नाही, त्याच्याभोवती भक्षक पेशी गोळा होतात, एकमेकींना खेटून बसतात, काही तर एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच राक्षसी पेशी बनते. असा हा पेशींचा घेरा म्हणजे ग्रॅन्युलोमा. घेरा दिसला की आत काहीतरी कोंडले असावे एवढे कळते. काय कोंडले आहे, ते घेरा कसा आहे आणि कुठे आहे यावरून शोधायचे.

क्षयाच्या घेऱ्याच्या मध्यभागी बरेचदा पेशी मरून भुसभुशीत झालेला भाग असतो, टांगून ठेवलेल्या दह्याच्या चक्क्यासारखा. घेऱ्याच्या बाहेर लिम्फोसाइट नावाच्या छोट्या पेशींची दाट गर्दी असते. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंत शिरतात. म्हणून तिथले घेरे मज्जातंतूंच्या वाटेने लांबट पसरलेले असतात आणि आतला तंतू कुरतडलेला किंवा पार नाहीसा झालेला दिसतो. चट्टा बधिर होतो तो याचमुळे. कुष्ठरोगात सुरुवातीच्या चट्ट्यांतही मज्जातंतू कसे सापडतात याचा ऊतींच्या कापांवरून ज्यांनी बारकाईने अभ्यास केला, त्यांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

सार्कॉइडोसिसमधले घेरे मात्र नीटनेटके आणि उघडे असतात. उघडे म्हणजे भोवती लिम्फोसाइटची गर्दी फारशी नाही. मध्ये चक्का सहसा नाही. मज्जातंतू बहुधा शाबूत. आणि मुख्य म्हणजे आत कोंडलेले कोणी सापडतच नाही. फडाला माणसांचे कडे आहे, पण फड रिकामा! शरीराने हा घेरा कशासाठी धरला, हे आजही निश्चित ठाऊक नाही.

पण "आत कोणी सापडले नाही" असे म्हणायच्या आधी नीट शोधावे लागते. त्यासाठी कापांना खास रंग देतात. क्षयाच्या जंतूंसाठी झील-नील्सन आणि कुष्ठरोगाच्या, जरा नाजूक जंतूंसाठी फाइट रंग. जंतू असतील तर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. इथे एक पेच आहे. त्वचेच्या क्षयात आणि कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतू इतके थोडे असतात की तासभर शोधूनही एखादा दिसत नाही. म्हणजे जंतू दिसला तर उत्तर पक्के, पण दिसला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. म्हणून मी आणखी खोलवरचे काप मागवतो, मज्जातंतू वेगळे दाखवणारे रंग वापरतो. शक्य असेल तेव्हा तुकड्याचा दुसरा भाग जंतू वाढवून पाहण्यासाठी पाठवायला सांगतो. त्या तपासणीला सहा ते आठ आठवडे लागतात. हा भाग फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, कारण त्यात जंतू मरतात. तो निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. हल्ली जंतूंची जनुकीय खूण शोधणाऱ्या चाचण्याही मदतीला असतात.

या तिन्ही आजारांचा इतिहासही तुकड्यांमधूनच पुढे आला आहे. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात आर्माउअर हॅन्सन यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतल्या ऊतीत काडीसारखे जंतू पाहिले. कुष्ठरोग शापाने किंवा रक्तातून पिढीजात येत नाही, जंतूने होतो, हे तिथून कळू लागले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. आणि १८९९ मध्ये नॉर्वेतच सेझार ब्योक यांनी एका पोलिसाच्या अंगावरच्या गाठींचा तुकडा तपासून वेगळ्याच आजाराचे वर्णन केले. गाठीतल्या पेशी त्यांना सार्कोमा या कर्करोगासारख्या भासल्या, पण आजार तसा मारक नव्हता. म्हणून त्यांनी त्याला 'सार्कॉइड', म्हणजे सार्कोमासारखा, असे नाव दिले. आजाराचे आजचे नाव त्यावरूनच आले.

त्या बाईंच्या तुकड्यात घेरे स्वच्छ, उघडे होते. चक्का नव्हता. मज्जातंतू शाबूत होते. दोन्ही खास रंगांत जंतू दिसले नाहीत. तरीही मी अहवालात एकदम "हाच आजार" असे लिहिले नाही. "सार्कॉइडोसिसशी जुळणारे चित्र, क्षय आणि कुष्ठरोग वगळण्यासाठी पुढील तपासण्या कराव्यात," असे लिहिले आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोललो. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात बधिरपणा ओळखणे अवघड जाते, म्हणून दंडावरचा चट्टा पुन्हा तपासला. स्पर्श, टोचणे, गरम-गार, सगळे कळत होते. कोपराजवळची आणि मानेवरची नस जाड झालेली नव्हती. छातीच्या क्ष-किरण फोटोत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसल्या. जांघेत अवधान येते तेव्हा सुजतात, त्याच जातीच्या या गाठी. सार्कॉइडोसिस त्वचेपुरता राहतोच असे नाही. तो फुप्फुसांत, डोळ्यांत, क्वचित हृदयातही शिरतो, म्हणून डोळे आणि हृदयाचा आलेखही तपासले. जंतू वाढवण्याच्या तपासणीत काही वाढले नाही. मग निदान पक्के झाले. हे निदान एकट्या काचेवरचे नव्हते. तुकडा, रोग्याची तपासणी आणि फोटो या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळली, तेव्हा ते झाले.

एवढा खटाटोप कशासाठी? कोणी म्हणेल, तिन्ही चट्टेच, तर द्यावे काहीतरी औषध. इथेच खरा धोका आहे. या आजारांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. सार्कॉइडोसिस त्रास देऊ लागला की बहुधा स्टिरॉइड द्यावे लागते, म्हणजे शरीराचा प्रतिकार मुद्दाम थोडा दाबावा लागतो. आणि क्षय असताना एकटे स्टिरॉइड दिले, तर दबून बसलेला क्षय उसळतो. उलट सार्कॉइडोसिसला क्षय समजून सहा महिने औषधे दिली, तर यकृतावर ताण येण्याचा धोका पत्करायचा आणि फायदा शून्य. तेवढ्या वेळात आजार डोळ्यात शिरला असेल तर दृष्टीवर बेतते. कुष्ठरोग ओळखायला उशीर झाला, तर मज्जातंतू कायमचे निकामी होऊन बोटे वाकडी होतात, पायाला जखमा होतात. म्हणून नाव नेमके कळणे हाच उपचाराचा पहिला भाग.

आणखी एक गोष्ट मला त्या बाईंना सांगावीशी वाटली, ती इथेही सांगतो. समजा, अहवालात कुष्ठरोग आला असता, तर? तर तो काही कपाळाला हात लावण्याचा निकाल नव्हता. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत संपतो. औषध सुरू झाले की रोगी लवकरच इतरांना संसर्ग देण्याच्या स्थितीत राहत नाही. मिरजेने कुष्ठसेवेची दीर्घ परंपरा पाहिली आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केले, आणि कुष्ठरुग्णांसाठीचे रिचर्डसन रुग्णालयही याच गावातले. तरीही आपल्या मनातली भीती औषधांपेक्षा हळू हलते. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून होते, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढले गेले. म्हणजे आजार बरा करणारी गोळी आल्यावरही कित्येक वर्षे ते कलम कायद्यात उरले होते. त्या बाईंचे नुकसान आजाराने जितके केले, त्याहून जास्त संशयाने केले. आणि तो संशय आठ महिने टिकला तो तुकडा लांबणीवर पडल्यामुळे.

तुकड्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळ्याच आजारांत तो नाव सांगत नाही. गाजर गवताचे उदाहरण घ्या. शेताच्या बांधावर माजणाऱ्या या गवताने काहींच्या चेहऱ्याला, मानेला, कोपराच्या लवणीत खाजरा दाह होतो. त्याचा तुकडा मी पाहिला तर मला इसबासारखा दाह दिसेल, पण तो गवताने की सिमेंटने की एखाद्या औषधाने, हे काच सांगत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती पॅच चाचणी लागते, आणि त्याहून आधी 'शेतात गेल्यावर वाढते का' हा साधा प्रश्न लागतो.

म्हणून बाटलीबरोबर येणारा कागद हा तुकड्याइतकाच महत्त्वाचा. त्यावर नुसते "त्वचा, तपासणीसाठी" असे लिहिलेले असले, तर अर्धी माहिती हरवलेली असते. रोग्याचे वय, चट्टे कधीपासून, कुठे, बधिर आहेत का, कोणती औषधे चालू आहेत आणि डॉक्टरांना कशाचा संशय आहे, हे लिहिलेले हवे. तुकडा काढण्यापूर्वी आपणही काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, पूर्वी बधिर करण्याच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर ते सांगावे. लावलेली मलमे आणि घेतलेल्या पुड्या लपवू नयेत. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. ते महिनोन्‌महिने लावल्यावर चट्ट्याचे मूळ रूप पुसट होते आणि काचेवरचे चित्रही बिघडते. तुकडा कुठून घ्यायचा हे डॉक्टरांवर सोडावे. खाजवून सोललेल्या जागेपेक्षा नवा, न छेडलेला चट्टा जास्त बोलतो.

अहवाल हातात आला की त्याची प्रत जपून ठेवावी आणि प्रयोगशाळेचा क्रमांक टिपून ठेवावा. तुकडा बसवलेली मेणाची वडी प्रयोगशाळा पुढे काही वर्षे ठेवते. शंका वाटली तर त्याच वडीचे नवे काप दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात, पुन्हा कातडी कापावी लागत नाही. अहवालात "जुळणारे चित्र" किंवा "पुढील तपासणी करावी" असे शब्द दिसले, तर प्रयोगशाळेने काम टाळले असे समजू नये. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की, आता उरलेली साक्ष तुमच्या शरीराची आहे. तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडेच परत जावे.

दीड-दोन महिने उपचार करूनही चट्टा हटत नसेल, पसरत असेल, किंवा त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर पुढचे मलम मागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावे, "याचा तुकडा तपासायला हवा का?" आणि त्यांनी हो म्हटले, तर दोन दिवस शेताचे काम बाजूला ठेवून तो काढून घ्यावा.